शंकेच्या पुढची पायरी

'ताई, मी सत्तावीस वर्षांची आहे. इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीच्या टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी करते. घरात माझं नाव "शंकासुर" पडलंय. कुणी काही सांगितलं की "कशावरून?" हे माझ्या तोंडून निघतंच. या वर्षात त्यावरून घरात तीन मोठी भांडणं झाली.

पहिलं बाबांच्या गुडघेदुखीवरून. ते एका जडीबुटीवाल्याकडून बिनलेबलच्या पुड्या आणतात. मी म्हटलं, सगळं थोतांड आहे. बाबा म्हणाले, "जिना चढतोय मी, दिसत नाही का तुला?" दुसरं दादाच्या लग्नावरून. स्थळ सगळ्यांना पसंत होतं, पण पत्रिका जुळवताना एकनाड निघाली, म्हणजे दोघांची नाड एकच, आणि ती संततीला वाईट म्हणतात. मुलीकडची मंडळी बसलेली असतानाच मी गुरुजींना म्हटलं, सिद्ध करून दाखवा. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. काकांनी "संशयात्मा विनश्यति" ऐकवलं. तिसरं सगळ्यात वाईट. धाकट्या बहिणीचं बाळ आठ महिन्यांचं आहे. पुढच्या महिन्यात त्याची गोवराची लस आहे आणि बहीण ती द्यायला तयार नाही. मी समजवायला गेले तर म्हणाली, "कुणी सांगितलं म्हणून ऐकायचं नाही, हे तूच शिकवलंस ना? मग मी डॉक्टरांचं का ऐकू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यावर शंका घेणं हा गुण आहे की खोड? आणि गुण असेल, तर त्याने माझी माणसं का दुरावतायत?

तुमची,
घरातली शंकासुर'

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या बहिणीचा प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तरही आहे. ते तुला सुचलं नाही, कारण आजवर तू घरच्यांना फक्त शंका घेताना दिसलीस. शंका घेतल्यावर पुढे काय करायचं, ते तू रोज आठ तास करतेस, पण ते गिरणीतच ठेवून घरी येतेस.

लॅबमध्ये सुताचा लॉट आला की तू काय करतेस? खात्यातून 'माल एकदम चांगला आहे' असा निरोप आला तरी तू त्यावर विसंबत नाहीस. ही झाली शंका. पण तू तिथे थांबत नाहीस. ठरलेल्या पद्धतीने नमुने काढतेस, मशीनवर लावतेस. धागा किती ताकदीच्या खाली तुटला तर लॉट नापास, तो आकडा मशीन सुरू होण्याआधीच कागदावर असतो. आणि लॉट पास झाला की तू तो सोडतेस. त्या खात्याच्या साहेबांशी तुझं पटत नसलं तरी सोडतेस. या सगळ्याला मिळून चिकित्सा म्हणतात. तिची पहिली पायरी तेवढी घरी आणली, तर घरच्यांना ती किरकिर वाटणार, आणि त्यांचं फार चुकतंय असं मला वाटत नाही.

तेव्हा तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इथेच देते. शंका येणं हा गुणही नाही आणि दोषही नाही, तो स्वभाव आहे. काहींना जास्त येते, काहींना कमी. शंका घेणारा जेव्हा स्वतःला बांधून घेतो, तेव्हा तिचा गुण होतो. काय दिसलं तर मी मान्य करीन हे तो आधी सांगतो, ते शोधण्याचे कष्ट स्वतः उचलतो आणि निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी पाळतो. हे बंधन ज्याच्या शंकेला नाही, त्याने कितीही प्रश्न विचारले तरी मी त्याला चिकित्सक म्हणणार नाही.

अशा शंकेचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. ते जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्यासारख्या तपासणीच्या कामातल्या मुलीला त्यातली गंमत लगेच कळेल.

जयंत नारळीकरांना फलज्योतिष पटत नव्हतं हे जगजाहीर होतं. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला होता. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने 'हे खोटं आहे' म्हटल्यावर बहुतेकांनी तेवढ्यावर मान डोलावली असती. पण २००८ साली त्यांनी एक चाचणी आखली. सोबतीला महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर होते, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे होते आणि स्वतः ज्योतिष जाणणारे प्रकाश घाटपांडे होते. समितीच्या कार्यकर्त्यांनी दोनशे मुलांचे जन्मतपशील गोळा केले. त्यातली शंभर मुलं शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी, आणि शंभर विशेष शाळांतली, बौद्धिक अक्षमता असलेली. त्यांच्या कुंडल्या तयार झाल्या. कुठली कुंडली कुठल्या गटातली, याची नोंद पुणे विद्यापीठात सांभाळून ठेवली गेली.

मग ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या मिळणार, त्यावरून मूल कुठल्या गटातलं ते सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर निघाली. नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तर निम्म्याच्या आसपास बरोबर आली असती. सगळ्यात चांगली कामगिरी चाळीसपैकी २४. एका ज्योतिष संस्थेने तर दोनशेच्या दोनशे कुंडल्या घेतल्या. त्यांची १०२ उत्तरं बरोबर आली.

मला यात आकड्यांपेक्षा मोठी वाटते ती त्यांनी पत्करलेली जोखीम. समज, ज्योतिषांची चाळीसपैकी पस्तीस उत्तरं बरोबर आली असती. सगळ्या महाराष्ट्रासमोर नारळीकरांना ते मान्य करावं लागलं असतं, आणि चाचणी त्यांनीच आखलेली, म्हणजे पळवाटही उरली नसती. स्वतः हरू शकू अशी जागा त्यांनी मुद्दाम तयार केली. शिवाय प्रश्नही ज्योतिषांच्या अंगणातलाच निवडला, कारण कुंडलीवरून बुद्धी कळते हा त्यांचाच दावा. आणि निकाल लागल्यावर या चाचणीतून जेवढं निघतं तेवढंच बोलायचं. एक दावा तपासला, तो टिकला नाही. ज्योतिषातलं सगळंच एका फटक्यात तपासून झालं, असं यातून निघत नाही.

हेच नारळीकर विश्वाच्या जन्माच्या महास्फोट सिद्धांतावरही शंका घेत होते. तिथे बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने नव्हते, आजही नाहीत. पण नुसतं 'मला पटत नाही' म्हणून ते बसले नाहीत. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी पर्यायी मांडणी केली, गणित केलं, निरीक्षणांनी तपासता येईल असं काही पुढे ठेवलं. शंका घेणारा दरवेळी जिंकेल असं नाही. त्याने हरण्याची तयारी ठेवावी, एवढं त्याच्याकडून मागता येतं.

आता याच्या उलट टोकाचं एक उदाहरण, कारण तुझ्या बहिणीच्या प्रश्नाची नाळ तिथे आहे. १९५० साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी मिळून चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. तिचा सूर असा की अजून काहीच नक्की झालेलं नाही, शास्त्रज्ञांतच एकमत नाही, आम्ही आणखी संशोधन करू. पुढे बाहेर आलेल्या १९६९ सालच्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर सरळ लिहिलं होतं की शंका हाच आपला माल आहे. पुरावे साठत गेले आणि कंपन्या प्रत्येक वेळी आणखी एक पुरावा मागत राहिल्या. किती पुरावा आला की मानू, हे मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. तोवर सिगारेटी विकल्या जात होत्या आणि माणसं मरत होती. दिसायला ही शंकाच होती. 'कशावरून?' हाच शब्द त्यांच्याही तोंडी होता.

आपल्या नैयायिकांना, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या पंडितांना, हा फरक फार पूर्वी कळला होता. त्यांच्या न्यायदर्शनात सोळा पदार्थ, म्हणजे अभ्यासाचे विषय, सांगितलेत, त्यांत संशय तिसरा आहे. जिथे संशय नाही तिथे न्यायाचं कामच सुरू होत नाही, असं ते मानत. पण त्याच यादीत नववा निर्णय आहे, आणि बारावी वितंडा. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहायचं, ती वितंडा. त्यांनी संशयाला प्रतिष्ठा दिली, पण तिथून निर्णयाकडे चालत जायची वाटही आखून ठेवली.

काकांच्या श्लोकाबद्दलही सांगते. गीतेच्या ज्या चौथ्या अध्यायात 'संशयात्मा विनश्यति' आहे, त्याच अध्यायात थोडं आधी ज्ञान कसं मिळवावं ते सांगताना 'परिप्रश्नेन' म्हटलंय, म्हणजे खोदून खोदून विचारून. त्यामुळे तो श्लोक प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी आहे, असं मी मानत नाही. कायम संशयातच राहणारा, कुठेच न पोहोचणारा माणूस सुखी होत नाही, असा मी त्याचा अर्थ घेते आणि तो मला पटतो. मात्र 'परिप्रश्नेन'च्या आधी 'प्रणिपातेन' आहे, म्हणजे नम्रपणे. काकांना हे ऐकवायला जाऊ नकोस. तुझ्यासाठी सांगितलं.

आता बहीण. तिला तारीख आहे, म्हणून तिच्याकडे सगळ्यांच्या आधी जा, आणि या वेळी कागद घेऊन जाऊ नकोस. आधी विचार, 'नेमकं काय ऐकलंस? कशाची भीती वाटते?' आणि मग हे विचार: 'काय कळलं तर तू लस देशील?' हा प्रश्न मनापासून विचार. उत्तर यायला दोन दिवस लागले तरी चालतील. तिने काही सांगितलं, तर ती खरंच शंका घेतेय आणि तुम्ही दोघी एका बाजूला बसून शोधू शकता. तुझ्यासमोर ती 'काहीही कळलं तरी नाही' म्हणाली, तर तिथे शंका नाही, भीती आहे. मग वाद बंद कर आणि तिचा ज्या डॉक्टरांवर विश्वास आहे त्यांच्याकडे तिच्यासोबत जा.

गोवराच्या लशीबद्दल फिरणाऱ्या भीतीतली सगळ्यात मोठी भीती स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची आहे. तिचा उगम १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका लेखात आहे. तो बारा मुलांवर आधारलेला होता. २०१० साली नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी मुख्य लेखकाचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदणीतून काढून टाकण्यात आलं. २०१९ साली डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध त्यात आढळला नाही. एका बाजूला बारा मुलं, दुसऱ्या बाजूला साडेसहा लाख. नमुन्याचा आकार किती महत्त्वाचा, हे तुझ्याइतकं चांगलं तिला कोण सांगणार?

जे खरं आहे तेही तिच्यापासून लपवू नकोस. ही लस घेतल्यावर आठवड्या-दीड आठवड्याने काही बाळांना ताप येतो, अंगावर थोडं पुरळ उठतं आणि ते जातं. गंभीर ॲलर्जी फार क्वचित होते आणि तिच्यासाठीच लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. 'नऊ महिने पूर्ण झाल्यावरच का?' असं तिने विचारलं, तर त्यालाही उत्तर आहे. आईकडून मिळालेलं संरक्षण तोवर ओसरत येतं. ते जोरात असताना दिलेली लस नीट लागू पडत नाही. आणि गोवर ही जुनी गोष्ट नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीपासून साथ पसरली आणि तीत लहान मुलं दगावली. एक रुग्ण संरक्षण नसलेल्या बारा ते अठरा जणांना हा आजार देऊ शकतो.

तिच्या प्रश्नाचं थेट उत्तर असं दे: 'डॉक्टरांचं ऐकू नकोस, डॉक्टरांना विचार. पण जेवढे प्रश्न त्यांना विचारशील, तेवढेच मोबाइलवर आलेल्या मेसेजलाही विचार. तो कुणी लिहिला, कशावरून लिहिला, किती मुलांवरून लिहिला.' तिची शंका आत्ता एकाच बाजूला झुकलेली आहे. आणखीही एक सांग, मात्र आवाज न चढवता. बाबांच्या पुड्यांवर तू शंका घेतलीस आणि चुकलीस, तर तुझा शब्द तेवढा खाली पडेल. तिची शंका चुकली, तर किंमत बाळ मोजेल. ज्या शंकेची किंमत दुसरा मोजणार असतो, ती घेणाऱ्याने दुप्पट कष्ट करून तपासली पाहिजे.

बाबांच्या बाबतीत मात्र मी तुझ्या विरुद्ध बाजूला आहे. 'थोतांड' हा निकाल आहे आणि तू तो नमुना न तपासता दिलास. बाबा जिना चढतायत हा पुरावा आहे. तो त्यांनी रोज पाहिलाय. तू तो मोजलाच नाहीस, म्हणून ते दुखावले. त्याचा अर्थ काय, हा पुढचा प्रश्न. एक शक्यता अशी की माणूस दुखणं शिगेला पोचलं की औषधाला जातो आणि दुखणं पुष्कळदा आपोआपही उतरतं. श्रेय पुडीला मिळतं. दुसरी शक्यता मला जास्त काळजीची वाटते. सांधेदुखीवरच्या अशा बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं आपल्याकडे तपासण्यांत वेळोवेळी आढळलं आहे. स्टेरॉइडने दुखणं खरोखर कमी होतं, भूक वाढते, माणसाला तरतरी वाटते. आणि मागून रक्तातली साखर चढते, रक्तदाब वाढतो, चेहरा सुजल्यासारखा होतो, हाडं ठिसूळ होतात.

म्हणून पुड्या फेकून देऊ नकोस आणि बाबांना त्या एकदम बंदही करायला लावू नकोस. स्टेरॉइड बराच काळ पोटात जात असेल तर शरीर स्वतःचं तयार करणं कमी करतं. मग अचानक बंद केल्यावर थकवा, उलट्या, रक्तदाब घसरणं असं होऊ शकतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं. शिल्लक पुड्या घेऊन बाबांसोबत फिजिशियनकडे जा, किती दिवसांपासून आणि दिवसाला किती घेतात ते नीट सांग, साखर आणि रक्तदाब बघून घ्या. जाताना बाबांना म्हण, 'तुम्हाला गुण आलाय हे मला दिसतंय. तो कशाने आलाय ते बघू.' आणि तूही आधी ठरव. डॉक्टरांना काळजीचं काही आढळलं नाही, तर 'थोतांड' हा शब्द मागे घ्यायचा.

दादाच्या एकनाडीचं उत्तर गुरुजींकडे मागायची गरजच नव्हती, ते तुला घरबसल्या काढता आलं असतं. सत्तावीस नक्षत्रं आद्य, मध्य, अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत. म्हणजे वाटेल त्या दोन माणसांची नाड एक निघण्याची शक्यता साधारण तीनात एक. पत्रिका न बघता लग्न झालेल्या जोडप्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा एकनाडीचा असणार. तुमच्याच नात्यात, गिरणीत, गल्लीत अशी जोडपी भरपूर सापडतील, त्यांच्या पोराबाळांसकट. ही यादी आईसोबत बसून कर, तिला जन्मतारखा तुझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. एकनाड म्हणजे सारखा रक्तगट, असंही हल्ली सर्रास सांगतात. तसं काही नाही. रक्तगट नक्षत्रावर ठरत नाही आणि नवरा-बायकोचा रक्तगट सारखा असण्यात काही धोका नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा लक्ष द्यावं लागतं, त्यासाठी अँटी-डीचं इंजेक्शन आहे.

माणसं का दुरावतायत, असं तू विचारलंस. तू दाव्यावर शंका घेतेस, पण ऐकणाऱ्याला ती त्याच्यावर घेतल्यासारखी वाटते, कारण तू ती चारचौघांत घेतेस आणि उत्तर शोधायला त्याच्यासोबत बसत नाहीस. पाहुण्यांसमोर गुरुजींना अडवलंस तेव्हा एकनाडीचा प्रश्न बाजूला पडला आणि आईच्या घराची लाज हा विषय झाला. आईला तेवढ्यापुरतं 'माझं चुकलं' म्हण. एकनाडीबद्दलचं मत बदललंय असं म्हणायची गरज नाही, कारण ते बदललेलं नाही.

आणि दादाला आधी विचार की त्याला काय हवंय. तुझ्या पत्रात आई आहे, काका आहेत, गुरुजी आहेत, पण लग्न ज्याचं आहे त्याचा एक शब्दही नाही. त्याला ते स्थळ हवं असेल, तर यादी घेऊन आईशी त्याने बोलावं, तू शेजारी बस. लग्न ठरलं तर दोघांना थॅलेसेमियासाठी, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या एका आजारासाठी, रक्ताची एचबीएटू तपासणी करून घ्यायला सांग. दोघंही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते आधी कळलं तर डॉक्टरांच्या मदतीने पुढचा विचार करता येतो. ही तपासणी दोघांनी मिळून करावी, आणि रिपोर्ट आधी त्या दोघांच्या हातात पडावा.

तुझी,
ताई